डावा आठ, उजवा सात

कंपनीच्या तपासनीस बाईंनी बुटांचे खोके पहिल्यांदा मोजले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मोजायला लागल्या तेव्हा आईने पदराला हात पुसले. तिसऱ्यांदा त्या शिडीवर चढल्या, आणि शिडी धरून उभ्या असलेल्या मामाने आईकडे असं पाहिलं, की दहावीच्या निकालाच्या दिवशी नापास पोराकडेही कुणी तसं पाहत नसेल.

"संगणकात सहाशे बारा आहेत," बाई वरूनच म्हणाल्या. "इथे सहाशे तेरा भरतात."

मामा धंद्याने वायरमन. दुकानातला दिवा न् दिवा त्याने लावलेला, त्यामुळे आपण निम्मे मालक आहोत अशा थाटात तो चार दिवस वावरत होता. एक खोका जास्त म्हणजे बरंच की, फायद्यातच आहोत, असं तो हसत म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्या शिडीवरून उतरल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कमी भरलं तर मला कारण कळतं. जास्त भरलं की माझी झोप उडते."

दुपारचे चार वाजून पाच मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकान उघडायचं होतं. आईने वर्षभर त्यासाठी काय काय केलं होतं ते तिच्या लेकीला, भिंगरीला, तोंडपाठ होतं: कंपनीचे अर्ज, तीन मुलाखती, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाहून परतल्यावर आई घरातल्या प्रत्येकाच्या चालण्याकडे बघून "टाच आत वळतेय हं" असं म्हणायला लागली होती. जागा आजोबांची. इथे चाळीस वर्षं त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि नव्या चकचकीत फरशीखाली कुठेतरी अजून वंगणाचे डाग असणार याची भिंगरीला खात्री होती. आता तिथे पळण्याचे, उड्या मारण्याचे, नुसतं मिरवण्याचे, सगळ्या तऱ्हांचे बूट भिंतीवर ओळीने बसले होते. फक्त बाईंची सही बाकी होती.

बाईंनी पांढऱ्या बुटांची मांडणी हेरली. निळी पट्टी असलेले, पळायचे. जास्तीचा खोका तिथेच होता. त्यांनी झाकण उघडलं, दोन्ही बूट बाहेर काढले, जिभा उलटून आत छापलेले आकडे वाचले आणि काउंटरवर ठेवले.

"डावा आठ. उजवा सात."

मग सगळेच बोलायला लागले.

आईचं म्हणणं, ही गोदामातली चूक. आता तिथे फोन लावते आणि त्यांचे कान उपटते. मामा ताबडतोब तिच्या बाजूने, त्याच्या मते असल्या मोठ्या कंपन्या आपल्यासारख्यांच्या गळ्यात काहीही मारतात. आजी खुर्चीत बसली होती. पाय मोजायच्या कोपऱ्यातली ती मऊ खुर्ची तिने सकाळीच स्वतःच्या नावावर करून टाकली होती. तिथून ती म्हणाली की फोन करायची घाई नको. सासूबाईंनी आजपर्यंत कुठल्याच घाईला होकार दिला नाही, हे आईने मामाला डोळ्यांनीच सांगितलं. आणि बाबा? बाबा नाड्यांची आधीच सरळ असलेली चळत पुन्हा सरळ करत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

भिंगरीने त्या पाळ्या पाहिल्या. ती तशी एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी, पण बघते सगळं.

बाईंनी हात वर केला, तसे सगळे गप्प झाले. त्यांचा नियम सरळ होता. इथे डावा आठ आणि उजवा सात असेल, तर कुठेतरी डावा सात आणि उजवा आठ असणारच. तो जोड पाच वाजेपर्यंत त्यांना डोळ्यांनी दाखवायचा. नाहीतर सहाशे तेरा खोके एकेक करून उघडायचे, आणि त्यांची साडेपाचची गाडी होती. त्यांची या भागातली पुढची फेरी तीन आठवड्यांनी.

"जोड फोडलेला दिसला तर मी सही करत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "उद्या कुणी घरी नेऊन उघडला, तर नाव तुमचं जाईल ताई, माझं नाही."

आईने खोके उघडायला सुरुवात केली. मामा तिच्यामागे. भराभर, झाकणांचा नुसता फटफटाट. भिंगरीही वाकली, पण तिचा हात अर्ध्यावरच थांबला.

कारण डावा आठ, उजवा सात हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, त्यावरच तर ती उभी होती. तिचे आकडे लहान होते, डावा पाच, उजवा चार, पण गंमत तीच. हा त्यांच्या घराण्याचा पाय. आजोबांचा तसा, बाबांचा तसा, तिचा तसा. डाव्या पायाला येईल तो बूट घ्यायचा आणि उजव्याच्या टोकात कापूस कोंबायचा. शाळेच्या शर्यतीत ती दोनदा दुसरी आली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या वळणावर उजवी टाच बुटातून निसटत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कापसामुळे हरले असं सांगणार तरी कसं?

आणि घरात एकच पाय याच्या उलटा होता. डावा सात, उजवा आठ. आत्याचा.

ती गोष्ट आजीने तिला शंभर वेळा सांगितली असेल. बाबा आणि आत्या शाळेत असताना आजी दरवर्षी दोन जोड आणायची, एक लहान, एक मोठा. दुकानदाराला वाटायचं बाईंना आकडेच कळत नाहीत. घरी आल्यावर आजी चारही बूट जमिनीवर मांडायची आणि अदलाबदल करायची: मोठा डावा याला, मोठा उजवा तिला. दोन्ही पोरं उड्या मारत शाळेत. देवाने दोघांना मिळून दोनच जोड दिलेत, म्हणून भांडू नका, असं आजी म्हणायची.

पण भांडले. अकरा वर्षांपूर्वी आजोबा अचानक आजारी पडले, तेव्हा आत्या शाळेच्या रिले संघाबरोबर दुसऱ्या गावी होती. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत. बाबांनी ठरवलं, शर्यत होऊ दे, मग कळवू. आत्या पोचली तेव्हा आजोबा नव्हते. ती दारातच म्हणाली होती, "माझी शर्यत तू ठरवलीस, दादा?" त्यानंतर ती या घरात आली नाही. दुकानाच्या जागेवर तिचाही हक्क, म्हणून संमतीचा कागद भिंगरीच्या दप्तरातून तिच्याकडे गेला होता. तोही सहीनिशी परत आला, सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. फक्त कागदातली शुद्धलेखनाची एक चूक लाल शाईने दुरुस्त केलेली.

आत्या भिंगरीच्याच शाळेत खेळाची शिक्षिका. तिथे ती 'मॅडम', भिंगरी नुसता क्रमांक, 'एकशे चार'. शिट्टी आणि घड्याळ यांच्या पलीकडे दोघींचं बोलणं नाही.

आणि आज सकाळी बाबांनी भिंगरीच्या हातात एक बांधलेली पिशवी दिली होती. "मॅडमना दे," एवढंच. ती दुपारी घरी आल्यावर त्यांनी विचारलं होतं, दिलीस? दिली. काय म्हणाली? काही नाही, पिशवीत डोकावून बघितलं आणि आम्हाला चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या. त्यावर बाबा "बरं" म्हणाले आणि नाड्यांच्या चळतीकडे वळले. तेव्हापासून ते नाड्याच सरळ करत होते.

भिंगरीच्या डोक्यात सगळं एका झटक्यात बसलं. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दुसरा जोड आत्याकडे आहे ना?"

बाबांनी मान हलवली. दोन्ही जोडांचं बिल त्यांनी सकाळीच केलं होतं, रीतसर. अदलाबदल केली, तिचा खोका पिशवीत भरला, आपला खोका मिनिटभर मांडणीवर ठेवला, आणि तेवढ्यात आईने हाक मारली. मग सहाशे पांढऱ्या खोक्यांत तो त्यांना सापडेना.

"मग सांगा ना बाईंना."

"सांगितलं तर तिला बोलवायला लागेल," ते म्हणाले. "आणि ती नाही आली तर? सगळ्यांसमोर?" मग जरा थांबून, "तिने बूट नाकारलेत असं समज, भिंगरे. तिचं नाव नको घेऊस. मी खोके उघडतो."

भिंगरीने आईकडे पाहिलं. आई गुडघ्यांवर बसली होती, केसांत खोक्यातला पातळ कागद अडकलेला, आणि एक्केचाळिसावा खोका उघडत होती. बाबांनी तोंड उघडलं तर बहीण दुसऱ्यांदा तुटणार, नाही उघडलं तर आईचं दुकान. भाऊ-बहिणीपैकी कुणीतरी पाऊल पुढे टाकायला हवं होतं. आजीने खुर्चीतून नातीकडे पाहिलं आणि हनुवटीने दाराकडे खूण केली. ही म्हातारी ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलायला लावते, आणि कुजबुज मात्र तिला बरोबर ऐकू जाते.

भिंगरी एका पायावर तयार होती. ती निघाली.

शाळेचं मैदान दुकानापासून तीन गल्ल्या, एक चढ आणि एक लांबलचक भिंत. तिला नऊ मिनिटं लागली. वळणावर टाच निसटली तेव्हा तिने मनातल्या मनात कापसाला दोन शिव्या हासडल्या. मैदान रिकामं होतं. कडेच्या पायऱ्यांवर आत्या एकटीच बसली होती. मांडीवर उघडा खोका, उजव्या पायात नवा बूट, डावा हातात. ती त्या डाव्या बुटाकडे असं बघत होती, जणू त्यानेच आधी काहीतरी बोलावं.

"मॅडम," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

"शनिवारी चारनंतर मी मॅडम नसते."

येताना वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं चढावरच सांडली होती. "आत्या," तिने म्हणून पाहिलं. शब्द तोंडात नवा होता, पण बरोबर बसला. मग तिने जे होतं ते सगळं सांगितलं: एक खोका जास्त भरला, बाईंची सही, साडेपाचची गाडी, आई गुडघ्यांवर बसून झाकणं उघडतेय.

आत्याने ऐकून घेतलं. "त्याने पाठवलं तुला?"

"नाही. ते तर म्हणतात, तिचं नाव घेऊ नकोस. दुकान नाही उघडलं तरी चालेल, पण तुला बोलवायचं नाही." भिंगरीने श्वास घेतला. "या वेळी त्यांनी काहीच ठरवलेलं नाही. तू ठरव."

आत्याने हातातला डावा बूट एकदा उलटून पाहिला. मग तिने डावा बूट पायात घातला आणि नाडी दुहेरी बांधली, बाबा बांधतात तश्शी.

"पाच वाजायला किती?"

"तेवीस मिनिटं."

"तुला यायला किती लागली?"

"नऊ."

"मला सात," आत्या म्हणाली. खोका तिने भिंगरीच्या हातात दिला आणि पळायला लागली.

काय पळते ती. भिंगरीने तिला आजवर फक्त शिट्टी वाजवताना पाहिलं होतं. पन्नाशीकडे झुकलेली उंचपुरी बाई, गळ्यात शिट्टी, आणि पाय असे पडत होते की रस्त्यालाच आपलं कौतुक झाल्यासारखं वाटावं. चढावर तिने मागे न बघता, "खांदे खाली, एकशे चार," असं सुनावलं. भिंगरीने खांदे खाली घेतले, आणि कुणीतरी आपल्याला घरच्यासारखं रागावलं याचा तिला इतका आनंद झाला की तिच्या टाचेनेसुद्धा निसटायचं सोडलं.

दुकानात शिरल्या तेव्हा पाचाला चौदा कमी होते. एकशे साठ खोके उघडे पडले होते. मामा घामाघूम झाला होता आणि मोठ्या कंपन्यांबद्दलचं त्याचं मत आणखी खाली घसरलं होतं. आत्याला दारात बघून तो खोका हातात धरूनच उभा राहिला. आई उठली. "वन्सं," ती म्हणाली, आणि तिने केसांतला कागद काढला.

आत्या थेट तपासनीस बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेत नखं दाखवावीत तसे पाय पुढे केले.

"बघा."

बाई खरंच खाली बसल्या. एकेक जीभ उलटली. डावा सात. उजवा आठ. मग त्यांनी काउंटरवरचा खोका पाहिला, बाबांनी पुढे केलेली दोन बिलं पाहिली, त्यावरची सकाळची वेळ पाहिली, आणि शेवटी बाबांच्या लाल पाळ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे हा खोका मालातला नाहीच," त्या सावकाश म्हणाल्या. "विकला गेलाय. तुम्ही तुमच्याच दुकानात पिशवी विसरलेलं गिऱ्हाईक."

"हो," बाबा म्हणाले.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. भिंगरीला वाटलं आता तळपायाची आग मस्तकात जाणार, आणि ती गेलीही असती. अकरा वर्षं आई त्यांना सांगत होती की एकदा बोला बहिणीशी, आणि अकरा वर्षं ते म्हणत होते, नाही बोलणार. पण आईच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी झालं. ती एवढंच म्हणाली, "अहो, मला सांगायचंत. मीच पोचवले असते." मामाची बाजू क्षणात ओस पडली. त्यानेही गुमान झाकणं लावायला घेतली आणि म्हणाला, त्याला आधीपासून वाटतच होतं की चूक कंपनीची नाही.

बाईंनी सही केली. चार वाजून बावन्न मिनिटांनी. सहीखाली एक शेरा लिहिला, कर्मचाऱ्यांच्या खासगी वस्तू मांडणीवर ठेवू नयेत, आणि तो मोठ्याने वाचूनही दाखवला. आत्याने कागद हातात घेतला, वाचला, आणि पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "शुद्धलेखन चांगलं आहे," ती म्हणाली.

मग आजीने खुर्चीतून हुकूम सोडला की आता तूही तुझे घालून दाखव. बाबा बसले. त्यांनी जुना उजवा बूट काढला, आणि आतून घडी घातलेला एक निळा रुमाल पडला.

"हा रुमाल," आई म्हणाली, "मी किती वर्षं शोधतेय."

हसले सगळे. तपासनीस बाईसुद्धा. बाबांनी नवे बूट घातले, उभे राहिले, दोन पावलं टाकली. टोकात काही नाही, टाच निसटत नाही. ते फरशीकडे बघूनच बोलले.

"मी तेव्हाच तुला कळवायला हवं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "हवं होतं."

आत्या त्यांच्या बुटांकडे बघत राहिली, मग स्वतःच्या. चारही पांढरे, निळी पट्टी.

"मी आज सकाळी पिशवी उघडली," ती म्हणाली, "आणि पोरांना चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून. इतक्या वर्षांत माझ्या मापाचे बूट कुणी दिले नव्हते, दादा. बरं वाटलं."

बाबांनी मान हलवली. पुन्हा हलवली. आजीने हात पसरला, तेव्हा आत्या खुर्चीपाशी गेली आणि तिच्या पायांशी बसली, बुटाचं माप घ्यायला बसतात तशी. म्हातारीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच विसरली.

भिंगरी हे सगळं बघत होती आणि तिला प्रत्येकाला काहीतरी द्यावंसं वाटत होतं. आईला, कारण तिने दुकान काढलं. बाबांना, कारण ते विसरले. मामालासुद्धा, कारण दिवे छान होते. त्या मोजूनमापून बोलणाऱ्या बाईंना तर सगळ्यात जास्त, कारण त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं होतं. दोनदा मोजून सोडलं असतं, तर दुकान वेळेवर उघडलं असतं आणि आत्या पायऱ्यांवरच बसून राहिली असती.

"तुझा कुठला मोठा?" आत्याने अचानक विचारलं.

"डावा. पाच. उजवा चार."

"तरी म्हटलं शेवटच्या वळणावर का मागे पडतेस. मला वाटायचं दम कमी आहे." आत्या विचार करत होती. "आमच्या धाकट्या लेकीचा उजवा पाच, डावा चार. तिला मी कापूस देते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आजीने गाडीसाठी निघालेल्या तपासनीस बाईंना हाक मारून थांबवलं. "बाई, तेवढं लिहून घ्या तुमच्या वहीत. या दुकानात काही माणसं येतील, ती एका वेळी दोन जोड नेतील आणि इथेच बसून फोडतील. बिल दोन्हींचं देतील. त्यांना अडवायचं नाही."

बाई दारात थांबल्या. घड्याळाकडे बघितलं, मग वही उघडली आणि खरंच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही.

भिंगरी खाली बसली. तिने उजवा बूट काढला, टोकात बोटं घालून चपटा, राखाडी झालेला कापूस ओढून बाहेर काढला. टाकायचा कुठे ते बघितलं. काउंटरखाली कंपनीचा कचराडबा होता, कोरा, आत अजून काहीच न पडलेला.

नव्या दुकानातला तो पहिला कचरा.